चढलेली लय

गुरुवारी दुपारी चारला सगळ्यांनी वर्गात जमायचं, असं धाकटीनं ठरवलं आणि साडेचार झाले तरी तिच्याशिवाय कोणी फिरकलं नाही. ह्या घराची ही जुनीच खोड. लयीत तिळाइतका फरक पडला तर ह्यांना रात्रभर झोप लागत नाही, आणि घड्याळाच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद!

वर्ग म्हणजे टायरच्या दुकानावरचा तो लांबट हॉल. एका भिंतीला आरसे, दुसरीला खिडक्या, आणि खाली लाकडी जमीन, जिच्या मधल्या फळ्या पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या. एकतीस वर्षांपूर्वी स्टेज सोडल्यावर आत्यांनी कथक शिकवायला सुरुवात केली ती इथंच. त्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे तात्यांनी, पहिल्या दिवसापासून तबला धरला तोही इथंच.

धाकटी ही तात्यांची मुलगी. आत्यांकडे वीस वर्षं शिकली आणि मग तीन वर्षं लांब जाऊन समकालीन नृत्य शिकून आली. 'जमिनीवर लोळायची विद्या' असं आत्या त्याला म्हणायच्या. तेव्हाचे रुसवेफुगवे आता मागे पडले होते. आता प्रश्न फक्त शनिवारचा होता.

शनिवारी तिचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम. अर्धं कथक, अर्धं तिचं नवं. थिएटर ठरलं होतं, तिकिटं गेली होती. पण ह्या घरातलं कोणी स्टेजवर नाचायचं, तर बाजूला घरातलं सर्वांत मोठं माणूस पढंतीला बसतं. हातानं ताल देत नाचाचे बोल खड्या आवाजात म्हणायचे, ती पढंत. आधी बोल, मग पाय. तिथं बसायचं म्हणजे चारचौघांत सांगायचं की हे पोर आमचं, आणि हे जे करतंय तेही आमचंच. शनिवारी आत्या बसणार का, हे अजून आत्यांनी सांगितलं नव्हतं.

"नाही बसली तर?" थोरल्यानं स्पीकर टेबलावर ठेवत विचारलं. थोरला तिचा भाऊ, ध्वनिमुद्रणाची कामं करायचा, आणि पावणेपाचला पोचून आपण वेळेवर आलो अशाच थाटात वावरत होता.

"तर नाही नाचणार."

"वेडी आहेस का? तुला अडवलंय कोणी?"

"मीच अडवलंय. तुला नाही कळायचं ते. तू वायरी लाव."

"लावतो बाई, लावतो. ह्या घरात माझा जन्म वायरी लावण्यात जाणार."

पाच वाजता आत्या आल्या. मागून तात्या, आणि त्यांच्या मागे थर्मास घेऊन तात्यांची बायको. तिला वर्गातल्या सगळ्या पिढ्या वहिनी म्हणत आल्या होत्या, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हं. दाखवा काय दिवे लावलेत ते."

धाकटी घुंगरू घेऊन जमिनीवर बसली. तिनं फक्त 'एक जुनी टेप वापरली आहे' एवढंच सांगितलं होतं. कुठली टेप, ते सांगायला चार वेळा तोंड उघडलं होतं आणि चारही वेळा बंद केलं होतं. तोंडानं समजावण्यापेक्षा नाचून दाखवू, आत्याला नाच कळतो, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. तिनं घुंगरू बांधले आणि थोरल्याकडे बघून मान हलवली.

*

पहिली दहा मिनिटं आत्या खूश होत्या. आता त्या खूश असल्या की तोंड आंबट करून बसतात, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. पोरीचे पाय स्वच्छ पडत होते. मधूनच ती कथकमधून अशी सुटायची, की पाठ सैल पडायची, हात खांद्यातून लोंबायचा, श्वास ऐकू यायचा, आणि पुन्हा समेवर नेमकी ताठ उभी. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथं सगळ्यांनी घरी यायचं. हे बरं आहे, आत्यांना वाटलं. लोळणं नाही, हे दमणं आहे. नाचणारा माणूस दमतो, हे आम्ही कधी दाखवलंच नाही.

मग स्पीकरमधून एक आवाज बोल म्हणायला लागला. जाडसर, घोगरा.

"हा कोण?" आत्यांनी विचारलं.

थोरल्याला राहवलं नाही. "आत्या, तूच! तुझा शेवटचा कार्यक्रम. घरात मोठी तूच, म्हणून पढंतही तुझीच. माळ्यावर टेप सापडली."

धाकटी नाचत राहिली. चार आवर्तनं झाली आणि पाचवं सुरू होऊन चार मात्रा होतात न होतात, तोच ती डाव्या गुडघ्यावर गेली आणि कुशीवर पडली. घुंगरांचा एकदम खळ्ळकन आवाज झाला. टेपवरचा तबला थांबला नाही. तो साधा ठेका वाजवत राहिला, आणि ती जमिनीला गाल लावून तशीच पडून राहिली. पडल्यापासून अकराव्या मात्रेला ती उठली.

आत्यांच्या हातातला चष्मा मांडीवर पडला. वर्गात लहान पोरींनासुद्धा ठाऊक होतं, की पायात घुंगरू असताना जमिनीला पायाशिवाय काही लावायचं नाही. पण आत्यांना राग आला तो त्याचा नव्हता. सगळ्या जगासमोर आपण ज्या मात्रेला पडलो, त्याच मात्रेला, तशीच, आपली भाची आरशासमोर पडली होती. आणि आरशामुळे दोनदा पडली होती.

"बंद कर ते," आत्या म्हणाल्या.

*

"आत्या, ऐकून तर घे—"

"काय ऐकू? माझं पडणं स्टेजवर विकायला काढलंस?"

"विकायला नाही गं! मला तेच सगळ्यांत सुंदर वाटलं. तू पडलीस आणि तात्या थांबले नाहीत. तू उठेपर्यंत ठेका धरून बसले. त्या अकरा मात्रा मी दीडशे वेळा ऐकल्यात. कथकमध्ये पडायला जागाच नाही, आणि मी जे शिकून आले त्याची सुरुवातच पडण्यापासून होते. ही दोन्ही घरं मला तिथं एकत्र दिसली."

"छान बोलतेस. आता माझं ऐक. ती माझी रोजची लय होती. त्या लयीत मी झोपेतसुद्धा नाचले असते. त्या दिवशी पायच उचलेनात. अडतीसाव्या वर्षी शरीरानं हात टेकले. बस्स, एवढंच झालं. त्यात सुंदर काही नाही. ते ज्याचं त्यानं गुपचूप गिळायचं असतं, आणि मी गिळलंय. ते उकरून काढायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"वन्सं, तिच्या मनात तसं नव्हतं," वहिनी म्हणाल्या, आणि लगेच मुलीकडे वळल्या. "पण तूही विचारायचंस ना गं आधी! कमाल आहे तुझी."

आईनं अशी बाजू बदलल्यावर धाकटीचा धीरच खचला. विषय बदलावा म्हणून थोरल्यानं तोंड उघडलं. त्याचा हेतू चांगला होता. नेहमीच असतो.

"आणि आवाज जाड येतोय ना आत्या, तो माझा प्रताप. शेवटची पाच मिनिटं टेप पळत होती. तबला मधूनच सुसाट सुटतो. आता तात्या आणि लय सोडणार? त्यांच्या ठेक्यावर लोकांनी घड्याळं लावावीत! म्हणजे टेपच घसरली असणार. मग मी ती पाच मिनिटं खेचून मूळ लयीत आणून ठेवली. त्यात तुझा आवाज जरा बाप्यासारखा झाला."

आत्या उठल्या. "शनिवारी पढंतीला दुसरं कोणी बघ," त्या म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

तात्या उठले. ते दार उघडून जिन्यात गेले.

*

जिन्यात रबराचा वास भरला होता. तात्या चौथ्या पायरीवर बसले. हात मांडीवर उपडे ठेवलेले.

पहिल्या ठोक्यालाच त्यांना कळलं होतं. शाई लावलेल्या त्या कातड्याचा सूर उतरला होता, उतरवला होता त्यांच्या मुलानं, बापावरच्या भरवशानं. पोरांनी यंत्राला खोटं पाडलं होतं, पण बाप खोटा असेल असा विचार त्यांच्या मनालाही शिवला नव्हता. आता काहीच करायची गरज नव्हती. गप्प बसलं की झालं. एकतीस वर्षं बसलो, अजून दोन दिवस. ताईचा राग, पोरीचा हट्ट, सगळं वाहून जाईल. कार्यक्रम मात्र जाईल.

वहिनी दार लोटून बाहेर आल्या. "चहा घेता का थोडा? आतलं वातावरण निवेपर्यंत..." आणि त्यांनी नवऱ्याचं तोंड पाहिलं. "काय होतंय तुम्हाला? छातीत दुखतंय का?"

"टेप घसरली नव्हती," तात्या म्हणाले.

वहिनींना तबल्यातलं फार कळत नव्हतं. नवऱ्यातलं कळत होतं. त्या थर्मास धरून तशाच उभ्या राहिल्या, आणि एक एक करून त्यांना सगळं आठवत गेलं. ह्या माणसानं एकतीस वर्षांत वर्गाला एक दिवस दांडी मारली नव्हती. अंगात ताप असताना मारली नव्हती. धाकटीच्या जन्माच्या दिवशी दवाखान्यातून संध्याकाळच्या तुकडीला वाजवायला आले होते. बहिणीवर केवढी माया, असं त्या सगळ्यांना अभिमानानं सांगत आल्या होत्या.

"म्हणजे तुम्ही फेडत होतात?" त्या म्हणाल्या.

तात्या पायरीची कड नखानं खरवडत राहिले.

"आत जाऊन सांगा."

"ती माझं तोंड बघणार नाही पुन्हा."

"नाही बघणार कदाचित," वहिनी म्हणाल्या. "पण पोरगी तिथं रडतेय, आणि तिनं जे केलंच नाही त्यासाठी रडतेय. उठा."

*

धाकटी जमिनीवर बसून घुंगरू सोडत होती. गाठ सुटत नव्हती आणि थोरला तिला मदत करायला जाऊन ती जास्तच आवळत होता. तात्या आत आले ते सरळ हॉलच्या मध्यावर येऊन उभे राहिले. तबल्याजवळ गेले नाहीत.

"ताई," ते म्हणाले. "टेप बरोबर आहे. पोरांनी चुकीची दुरुस्ती केलीय. लय मी चढवली होती."

आत्या वळल्या.

"पाणी प्यायला तू विंगेत गेलीस तेव्हा मी एकटाच वाजवत होतो. तेव्हा चढवली. हळूहळू, कुणाला कळू नये अशी. तू आलीस, ठेका ऐकलास आणि तोच धरलास. तुला वाटलं रोजची लय. ती रोजची नव्हती, ताई. दीडपट होती."

"का?" आत्यांनी विचारलं.

"मध्यंतरात मला कळलं होतं, तू दौऱ्यावर चाललीस. सहा गावं. आणि तबल्याला दुसरा. सगळ्या जगानं मला सांगितलं, तू सांगितलं नाहीस. मी म्हटलं, आज दाखवूच हिला, कोणाच्या हातावर नाचते ती. पाडायचं नव्हतं गं मला. फक्त दमवायचं होतं. तू थांबशील, माझ्याकडे बघशील, असं वाटलं होतं. तू थांबलीच नाहीस."

खालच्या दुकानात कोणीतरी हवा भरत होतं. त्याचा फुस्सकन आवाज झाला आणि थांबला.

"मी सांगणार होते," आत्या म्हणाल्या. "धीर होत नव्हता. तुला सोडून जाणार होते, हे खरंच आहे." मग त्यांचा आवाज चढला. "पण एकतीस वर्षं? अरे, एकतीस वर्षं मी ह्या गुडघ्याला शिव्या घातल्या! तीन डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बाई, गुडघ्याला काहीही झालेलं नाही. मी तिघांनाही गाढव ठरवलं! दौऱ्याचं पत्र आलं तेव्हा मी नाही म्हणून कळवलं. का? तर आपल्याच्यानं आपली रोजची लयसुद्धा निभत नाही, आपण संपलो! आणि तू रोज संध्याकाळी समोर बसून वाजवत होतास. रोज! तोंडातून एक शब्द काढला नाहीस!"

"नाही काढला."

"तात्या, असं कसं केलंत तुम्ही?" धाकटी उभी राहिली. तिच्या एका पायात घुंगरू, दुसरा मोकळा. "मी तुमच्या त्या ठेक्यावर सगळा नाच उभा केला. मला वाटलं, तुम्ही तिला सांभाळत होतात."

"सांभाळतच होतो. त्या अकरा मात्रा ती उठते का, एवढंच बघत होतो. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून वाजवत राहिलो."

वहिनी नवऱ्याजवळून निघाल्या आणि आत्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. थोरला बापाकडे असा बघत होता, जणू घरातली आधाराची भिंत सरकली. "मला तर आता काही—" त्यानं सुरुवात केली.

"तू गप्प बस," आत्या म्हणाल्या. "तुम्ही सगळेच मधे पडू नका. ह्याला काय बोलायचं ते मी बोलेन, चांगलं महिनाभर पुरेल एवढं आहे माझ्याकडे. आज नाही. थोरल्या, मूळ टेप आहे का तुझ्याकडे? न खेचलेली?"

"आहे."

"लाव. शेवटची पाच मिनिटं."

*

तात्यांना बाहेर जायचं होतं. त्यांना ते जमलं नाही. ते तबल्याजवळच्या गादीवर जाऊन टेकले आणि मान खाली घातली.

टेपवर ठेका सुटला. धाकटी हातानं ताल धरायला गेली आणि मागे पडली. ह्या लयीत बोल म्हणायचे? नाच तर पुढची गोष्ट. मग आत्यांचा आवाज आला, त्यांचा खरा, पातळ, धारदार आवाज, अडतीस वर्षांच्या बाईचा. बोल ताडताड पडत गेले. एक अक्षर दुसऱ्यावर चढलं नाही. मागून पाय आले.

आत्या पुढं वाकून ऐकत होत्या. मोजायला अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवरून फिरत होता. एक आवर्तन. दोन. तीन. चार. मग तो खळ्ळकन आवाज, आणि पडल्यावर साधा ठेका. थोरल्यानं बटण दाबलं.

"चार आवर्तनं?" आत्यांनी विचारलं.

"सव्वाचार, आत्या," धाकटी म्हणाली. "चार आणि चार मात्रा."

"ह्या लयीत?"

"ह्या लयीत. मला जमलंच नसतं. माझ्याच्यानं दोनसुद्धा व्हायची नाहीत."

आत्या परत खुर्चीत बसल्या. त्यांनी डोळे पुसले, मग पदरानं नाक पुसलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते वर्गात कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. बाईंना स्वतःचं कौतुक वाटत होतं.

"काय नाचत होते रे मी," त्या म्हणाल्या. "आणि पढंत ऐकलीत? एक बोल गिळला नाही मी. एक नाही! ह्या मूर्खानं गाडी पळवली आणि मी धावत बसले मागे, पण बोल नाही सोडला."

"नाही सोडलास," तात्या खालमानेनं म्हणाले.

"तू बोलू नकोस. तबला जुळव."

तात्यांनी वर पाहिलं.

"बहिरा झालास का? शनिवारी ही टेपबीप काही लावायची नाही. मी असताना माझा आवाज डब्यातून कशाला? मी बसणार, समोर. तबल्याला तू बसायचंस. पण लय मी देणार. तू माझ्या मागून यायचं. बोटभर पुढं सरकलास तर तिथल्या तिथं उठवीन, लोकांसमोर."

"हो, ताई."

"आणि पोरी, तुला झेपेल तीच लय देईन. माझ्या त्या लयीत नाचायचं नाही, गुडघे फुटतील. पण पडायचं ते खरं पड. मघाशी तू हात टेकून जपून पडलीस. मी काय जपून पडले होते का? जमीन कुठून आली ते कळलंही नव्हतं मला."

"आत्या, म्हणजे घुंगरू बांधून मी जमिनीवर—"

"आता विचारतेस? लोळून झाल्यावर?" आत्यांनी पदर खोचला. "बांध तो दुसरा पाय. उजेड आहे तोवर एकदा होऊन जाऊ दे."

थोरल्यानं वायरी गुंडाळायला घेतल्या, मग त्याही तशाच सोडून तो आईजवळ भिंतीला टेकून बसला. वहिनींनी थर्मास उघडला आणि तसाच बंद केला. तात्यांनी हातोडीनं तबल्याच्या कडेवर ठोकत ठोकत सूर मिळवला. त्याला बराच वेळ लागला, आणि आत्यांनी एकदाही घाई केली नाही.

मग त्यांनी टाळी दिली. बोल सुरू केले. एकोणसत्तरीचा आवाज, थोडा चिरकलेला, पण काठ तसाच धारदार. तात्या मागून आले. एकतीस वर्षं रोज एकत्र शिकवणारी ही दोन माणसं कार्यक्रमासाठी म्हणून एकत्र बसली ती त्या रात्रीनंतर पहिल्यांदाच, आणि तात्या एखाद्या नवख्या पोरासारखे बहिणीच्या ओठांवर नजर लावून वाजवत होते.

धाकटीनं चार आवर्तनं केली. पाचव्यात, चार मात्रा होताच, तिनं ह्या वेळी स्वतःला सावरलं नाही. दणकन आदळली. वहिनी किंचाळल्याच. पढंत थांबली आणि नुसता ठेका उरला. लाकडाला गाल लावून पडल्या पडल्या धाकटीला तो कानांनी नाही, हाडांतून ऐकू येत होता. तिनं मोजलं. आठ, नऊ, दहा. अकराव्याला तिनं उठायला कोपर टेकलं.

"उठू नकोस," आत्या म्हणाल्या. "मी फार लवकर उठले होते. तू पडून राहा. त्याला वाजवू दे."

तात्या वाजवत राहिले.